पावशेर कलेजी

गेल्या वर्षभरात मी फोनवर किमान दोनशे स्टेक शिजताना बघितले असतील. वेळ रात्री अकराची, जागा साताऱ्यातली भाड्याची खोली, पोटात मेसचा डबा. जाड तवा धूर सोडतोय, त्यावर तळहाताएवढा मांसाचा काप पडतो, चर्र आवाज होतो, मग कुणीतरी चमच्यानं वितळलेलं बटर त्याच्यावर ओतत राहतं. तीन मिनिटं इकडून, तीन तिकडून. बाजूला थोडा पाला. झालं जेवण.

मला त्या मांसाचं आकर्षण नव्हतं. ते गाईबैलाचं असतं, आमच्या घरात कधी शिजलेलं नाही, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे प्रश्नच मिटला. मला आश्चर्य वाटायचं ते वेळेचं. आमच्याकडं मटण म्हणजे अख्खा रविवार. सकाळी रांग लावून आणायचं, खोबरं-कांदा भाजायचा, वाटायचं, मग तासभर शिजत ठेवायचं. सहा मिनिटांत मांस शिजतं हेच मला पटत नव्हतं.

नंतर कळलं की यात बोकडाचा दोष नाही, अवयवाचा आहे. मांडी, खांदा हे चालून-चढून कमावलेलं मांस. त्यातले चिवट धागे मऊ पडायला वेळ लागतोच. पण त्याच बोकडात एक गोष्ट अशी आहे की जिच्यात हे धागे जवळजवळ नसतात. ती चार-पाच मिनिटांत शिजते, आणि जास्त ठेवली तर उलट आवळून रबर होते. ती म्हणजे कलेजी. आई तिला काळीज म्हणते.

हे सगळं मी शिकलो ते हौसेनं नाही. मार्चमध्ये आईचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. हिमोग्लोबिन ८.२. बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. आई सत्तेचाळीस वर्षांची. जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, हे ती दोन वर्षं सांगत होती. म्हणजे सांगत नव्हतीच, बोलता बोलता तोंडातून निसटत होतं. पाळीचा त्रास तिनं कितीतरी वर्षं अंगावर काढलेला. सांगलीच्या डॉक्टरांनी त्यावरचे उपचार सुरू केले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, ‘मटण-मासे खाता ना?’

‘खातो की,’ आई म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. ते ‘खातो’ ऐकून माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण आमच्या घरात ते कोण खातं हे मला माहीत होतं.

आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. लहानपणी रविवारी मागच्या अंगणातली चूल पेटायची. पातेलं चढलं की आई कलेजीचे दोन-तीन तुकडे बाजूला काढायची, मीठ-हळद चोळून निखाऱ्यावर टाकायची. मी चुलीपाशी उकिडवा बसलेला. एक तुकडा फुंकर मारून माझ्या हातावर यायचा. दुसराही माझ्याच हातावर यायचा. ताईला अर्धा मिळायचा, तोही तिनं मागितला तर. मग जेवणं. आधी आण्णा, चुलते, कुणी पाहुणा असेल तर तो. नळी पाहुण्याच्या नाहीतर आण्णांच्या ताटात. मग आम्ही पोरं. मग आज्जी. सगळ्यात शेवटी आई आणि काकी, पातेलं जमिनीवर घेऊन. तोवर त्यात रस्सा असायचा आणि चार हाडं.

‘मला रस्साच आवडतो,’ असं आई म्हणायची. ‘काळीज मला न्हाय आवडत, उग्र लागतं.’ पंचवीस वर्षं मी हे खरं मानलं. आमच्या घरात ते एक सर्वमान्य सत्य होतं, जसं आण्णांना वांगं चालत नाही, तसं.

आण्णा वाईट माणूस नाही. त्यांनी कधी कुणाचं ताट ओढलं नाही. पातेल्यात काय उरलंय हे त्यांनी कधी वाकून बघितलं नाही, एवढंच. आणि मीही नाही. देशात २०१९ ते २१ च्या दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या. कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर पातेल्यावर फोडता येणार नाही. पण मी तो आकडा वाचला तेव्हा मला निखाऱ्यावरचा तो दुसरा तुकडा आठवला.

गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं, म्हणून ती मधेच बंद करायची. शेवटी मी तिला पंधरा दिवसांसाठी साताऱ्याला आणलं. कराडमार्गे एसटीनं, मांडीवर दोन पिशव्या. एकीत ज्वारीचं पीठ, दुसरीत तिची चटणी आणि हळदीची बरणी. (इकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, सांगलीबाहेरच्यांचा इथं नेहमी घोटाळा होतो. आणि हळद साताऱ्यात मिळत नाही असं तिला का वाटतं, हे विचारायची सोय नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईनं ते त्याआधीच दिलेलं होतं.)

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी तिचा दत्ताचा उपवास, शनिवारी मारुती. म्हणजे हातात बुधवार. नुसती कलेजी संध्याकाळी मिळत नाही, सकाळीच संपते. म्हणून कामावर जाताना दुकानात सांगून ठेवलं. ‘पावशेरच?’ खाटीक म्हणाला. ‘मटण नको?’ नको म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. संध्याकाळी पोवई नाक्याकडून येताना पुडकं घेतलं आणि मेथीची जुडी.

खोलीत एकच शेगडी. आई उठून ओट्याकडं यायला लागली. ‘तू बस,’ म्हटलं. ‘भाकरी थाप फक्त.’ भाकरी मला येत नाही. माझी भाकरी फिरवताना तुटते. तिनं दोन थापल्या आणि मग कॉटवर बसून माझ्याकडं असं बघत राहिली की जणू मी तिचं घर रंगवायला घेतलंय.

कलेजीवरचा पातळ पापुद्रा सोलून काढला. अर्ध्या बोटाएवढे जाड काप केले. धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडे केले. व्हिडिओवाल्यांचं हे एक खरं आहे, ओलं मांस तव्यावर टाकलं की ते भाजत नाही, उकडतं. फक्त हळद लावली. मीठ आधी लावलं तर पाणी सुटतं, म्हणून शेवटी. आधीच्या महिन्यात मी एकट्यानं प्रयोग केला होता, कुकरला चार शिट्ट्या देऊन. ते तुकडे दातानं तुटत नव्हते, शेवटी गल्लीतल्या कुत्र्याला घातले. त्यानंही विचार करून खाल्ले.

बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. तेल, आणि मग एकेक काप, एकमेकांना न चिकटता. दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. आई मागून म्हणाली, ‘आरं हलीव की, करपंल.’ उलटले तेव्हा खालची बाजू तपकिरी, कडेला जरा काळी. मग आच कमी करून ठेचलेला लसूण आणि चटणी, कारण मोठ्या आचेवर चटणी जळते आणि खोलीभर ठसका बसतो. अजून दोन मिनिटं. एक काप मधून चिरून बघितला. आत लाल राहिलं नव्हतं, तिथंच गॅस बंद. मीठ, कोथिंबीर, आणि दोन मिनिटं ताट झाकून ठेवलं.

तेवढ्यात पचडी. मेथी बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, लिंबू, वरून कच्च्या तेलाची धार. शिजवायचं काही नाही. मेथीत लोह असतं, पण भाजीतलं लोह अंगी लागायला जरा कुरकुर करतं, लिंबानं त्याला मदत होते. कलेजीतलं त्यापेक्षा सहज लागतं. ती रोज खायची वस्तू नाही, आठवड्यातून एकदा पुरे. अ जीवनसत्त्व तिच्यात इतकं असतं की पोटुशीनं तर ती टाळावी म्हणतात. हे मी आईला सांगत होतो आणि ती ‘हां, हां’ करत होती.

सगळे काप तिच्या ताटात वाढले. नऊ होते. तिनं लगेच पाच उचलून माझ्या ताटात टाकले. मी परत ठेवले. तिनं पुन्हा उचलले. दोन मोठी माणसं कलेजी इकडून तिकडं फेकत बसलेली.

‘मला न्हाय आवडत रं ते.’

‘कधी खाल्लीस शेवटची?’

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, ‘लग्नाआधी. आमची आई निखाऱ्यावर भाजून द्यायची. चार भावंडांत मी धाकटी, मला पहिला तुकडा.’

‘मग आवडायची की.’

त्यावर तिनं लिंबू मागितलं. फोड दिली. एका कापावर पिळून तिनं तो भाकरीत धरला आणि खाल्ला. मी मुद्दाम माझ्या ताटात बघत राहिलो. दुसरा. तिसऱ्याला म्हणाली, ‘मीठ कमी हाय.’ मी मीठ दिलं. सहा खाल्ले तिनं, मी मोजत होतो. तीन माझ्याकडं आले, त्याच्याखाली ती उतरायला तयार नव्हती.

तव्यात चटणी-तेल उरलं होतं ते तिनं शेवटच्या घासानं पुसून घेतलं. तवा घासायला मी तिला हात लावू दिला नाही. हात धुऊन ती शेगडीशी गेली आणि चहाचं पातेलं चढवलं.

‘अगं, जेवणावर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही. तासभर थांब.’

‘ते काळीज खाल्लं की तुझ्यासाठी,’ ती म्हणाली. ‘चहा मी सोडणार न्हाय.’ आणि दोन कप मोजून पाणी घातलं.