विमान खोक्यात, आम्ही एस.टी.त

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे यावर आमच्या घरात दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी मामाच्या गावाचेच तिकीट निघते. गेल्या दिवाळीत मात्र थोरल्याने हट्ट धरला. त्याने थर्माकोलचे विमान बनवले होते. पंख अडीच फूट. मोटर नाही, रिमोट नाही, हाताने फेकायचे. ते उडवायला मोकळी जागा हवी, आणि आमच्या वस्तीत तर एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला पत्रे.

त्यानेच वाचून सांगितले की, ऑस्ट्रिया देशात कॅरिंथिया प्रांतात बेर्ग नावाचे गाव आहे. तिथले ग्लोक्नरहोफ हे हॉटेल छोट्या विमानांच्या शौकिनांसाठी प्रसिद्ध आहे. विमाने उडवायला मैदान, शिकवायला माणसे, मोडले तर दुरुस्तीला कार्यशाळा. लोक बायकापोरांसह राहायला येतात. आई सगळे ऐकत होती. म्हणाली, "तिथं पूर्ण नाव विचारतात का रे?"

पोरांना हसू आले. आम्हाला आले नाही. विद्यापीठाचे नामांतर १४ जानेवारी १९९४ला झाले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही भावंडे शाळकरी. आई-अण्णांबरोबर लग्नाला मराठवाड्यातल्याच एका गावी गेलो होतो. लॉजवाल्याने वहीत आडनाव पाहिले आणि खोल्या भरल्यात म्हणाला. त्याच्या पाठीमागे किल्ल्या खिळ्यांना लटकत होत्या. ती रात्र आम्ही स्टँडवर काढली. अण्णा त्यानंतर कधीही नातेवाइकाच्या घराशिवाय मुक्कामाला थांबले नाहीत, आणि ती सवय आमच्याही अंगी लागली.

पण यावेळी ठरवले. नांदेड, तिथून लातूर, चार दिवस. विमान टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात उतरलो. आधार कार्ड पाहिले, नोंद केली, किल्ली दिली. "एवढंच?" आईने विचारले. गुरू गोविंदसिंग १७०८ साली याच नांदेडात निवर्तले. लंगरमध्ये सगळे एका पंगतीत बसतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. गुरू ग्रंथसाहिबात संत रविदासांची आणि आपल्या नामदेवांची पदे आहेत, हे आम्ही पोरांना तिथेच सांगितले. बाबासाहेबांनी १९३६च्या सुमारास शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता, तेही सांगितले.

खोक्यातल्या विमानाची शेपटी प्रवासात निखळली होती. थोरल्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती फेविकॉलने चिकटवली. झटपट चिकटणारे डिंक थर्माकोल खाऊन टाकतात, भोक पडते. हे ज्ञान त्याला एक विमान गमावून मिळालेले. फेविकॉल वाळायला मात्र रात्र जाते.

दुसऱ्या दिवशी अर्धापूर तालुक्यात दाभडला महाविहार बावरीनगरला गेलो. पौष पौर्णिमेला इथे धम्म परिषद भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा शांतता होती. बावरीचे नाव सुत्तनिपातात आहे. गोदावरीकाठी राहणारा हा म्हातारा आचार्य. त्याने आपले सोळा शिष्य प्रश्न विचारायला तथागतांकडे पाठवले. पैठणवरून निघून चालत गेले बिचारे. आमची एस.टी. चाळीस मिनिटे उशिरा आली म्हणून आम्ही कुरकुरत होतो!

वंदना झाल्यावर जवळच सोयाबीन काढलेल्या एका रानात, मालकाला विचारून, विमान काढले. थोरल्याने फेकले. नाक वर करून चढले, हवेत क्षणभर थांबले आणि दगडासारखे पडले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो चिडला. मग धाकटीने विमान दोन बोटांवर तोलून पाहिले. पंखाच्या रुंदीचे पुढून तीन भाग केले तर पहिला भाग संपतो, साधारण तिथे विमान तोलले पाहिजे. आमचे शेपटीकडे झुकत होते. नाकाला वजन हवे होते. तिने रानातली काळी माती बाटलीतल्या पाण्यात मळून नाकावर थापली. थोडी, मग आणखी थोडी. दर वेळी फेकून बघायचे. सातव्या-आठव्या खेपेला ते सरळ, संथ निघाले आणि बांधापर्यंत गेले.

तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, या आणि पाहा. पोथीत विमाने होती म्हणून छाती फुगवणारे आपल्याकडे थोडे नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली 'वैमानिक शास्त्र' तपासले. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातले एकही विमान उडण्याजोगे नव्हते. आमच्या धाकटीचे उडाले.

उदगीरला विश्वशांती बुद्ध विहार पाहिला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ४ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आई तिथून उठायलाच तयार नव्हती. शेवटची गाडी चुकता चुकता राहिली.

लातूरला स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. वही पुढे आली तेव्हा आईने पेन आमच्या हातून घेतले. तिला रात्रशाळेत शिकलेली अक्षरे येतात. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. सावकाश, ओळ सोडून मोठ्या अक्षरात. मॅनेजरने वही फिरवून वाचली. आम्ही भिंतीवरच्या किल्ल्या मोजत होतो. "खोक्यात टीव्ही आहे का?" त्याने विचारले. विमान म्हटल्यावर त्याने उघडून दाखवायला लावले आणि वरच्या मजल्याची मोठी खोली दिली, अरुंद जिन्यात पंख अडकू नये म्हणून पोऱ्याला सोबत पाठवले.

लातूरचा विमानतळ १९९१चा, शहराबाहेर. कुंपणातून धावपट्टी पाहिली. विमान एकही नव्हते. तिथे आम्ही खोके उघडले नाही. मोटरच्या, रिमोटच्या विमानांना २०२१चे ड्रोन नियम लागतात आणि विमानतळाजवळ परवानगीचा प्रश्न येतो. आमचे तर नुसते थर्माकोल, पण विषाची परीक्षा कशाला?

शेवटच्या दिवशी औसा तालुक्यात खरोसा. सहाव्या शतकाच्या सुमाराची लेणी, एकीत बसलेली बुद्धमूर्ती. दगड झिजला आहे, तरी मुद्रा कळते. लेण्यांपासून लांब, टेकडीच्या वाऱ्याकडच्या उतारावर उभे राहिलो. वारा उताराला धडकतो आणि वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर विमान मोटरविना तरंगते. घार पंख न हलवता तशीच राहते. थोरल्याने विमान आईच्या हातात दिले. "आजी, जोरात नाही, नुसतं सोड."

तिने सोडले. ते खाली गेलेच नाही. आमच्या डोक्यांच्या उंचीला थरथरले, वर उठले, डावीकडे वळले आणि लांब, पांढरा ठिपका होऊन तुरीच्या रानात उतरले. तासभर शोधले. सापडले तेव्हा पंख मधोमध मोडला होता.

धाकटीने पिशवी चाचपली. फेविकॉल लातूरच्या लॉजवर राहिले होते. आई म्हणाली, "चला मग परत. खोली उद्या सकाळपर्यंत आपलीच आहे."