भिंतीचा पोत

जुन्या नाशकातल्या आमच्या मोहल्ल्यात गेल्या काही वर्षांपासून एक नवी हौस आली आहे. पूर्वी रमजानच्या आधी भिंतींना चुना मारायचा, चुन्यात थोडी नीळ टाकायची, की झाले. आता दर्शनी खोलीतली एक तरी भिंत खडबडीत नक्षीची आणि वेगळ्या रंगाची हवी. त्याला सगळे टेक्स्चर म्हणतात. मी उर्दू शाळेत शिकवते, पण त्यासाठी मराठीतला ‘पोत’ हा शब्द मला फार आवडतो. कापडाला पोत असतो, जमिनीला असतो, आणि दोन्ही ठिकाणी तो हात लावल्याशिवाय कळत नाही.

आमच्या घरात ही हौस धाकट्या बहिणीची. तिला पाहायला पाहुणे येणार होते. कारागिराने सांगितलेली मजुरी ऐकून अम्मी गप्प झाली, तेव्हा मी म्हटले, आपणच करू. खालाने लगेच ऐकवले, “बी.एड. करून आता शिडीवर चढणार का?” मला त्यात कमीपणा वाटला नाही. मातीच्या घरांत भिंती लिंपणे, सारवणे हे बायकांचेच काम होते. ओल्या सारवणावर बोटांनी ओढलेल्या अर्धगोलांना कोणी टेक्स्चर म्हटले नाही, एवढेच. सिमेंट आले, मजुरी ठरू लागली आणि ते काम पुरुषांकडे गेले.

माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रंगारी आहेत. एका रविवारी ते मुलाला घेऊन घरी आले. आम्ही निवडलेल्या भिंतीवर त्यांनी बोटाची पेरे वाजवली, खालच्या बाजूला तळहात टेकवला आणि म्हणाले, “आपा, ये गीली है. गीली पे कुछ भी लगाओ, बारिश में फूल जाएगा.”

आमचे घर जुने. विटांवर चुन्याचा गिलावा, आणि कंबरेइतक्या उंचीपर्यंत नंतर कधीतरी केलेले सिमेंट. चुन्यातून ओल बाहेर निघून वाळून जाते. सिमेंट आणि तेलरंग तिला कोंडतात. मग ती वाट काढत वर चढते आणि सिमेंट संपते तिथे लोणा धरतो. रंगाऱ्याने एक सोपी परीक्षा सांगितली. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेची. आमचे थेंब आतल्या बाजूला निघाले. टेक्स्चर ओल झाकते, घालवत नाही. ती भिंत सोडून आम्ही आतली कोरडी भिंत धरली. बहीण थोडी रुसली.

त्या भिंतीवर जुना तेलरंग होता. मुलगा पत्रा घेऊन कोरडाच खरवडायला लागला. नाकातोंडावर काही नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांच्या आत असावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, आणि ते धुळीतून पोटात जाते. मी त्याला थांबवले. भिंत पाण्याने भिजवली, ओली असतानाच खरवडली, आणि पडलेला चुरा झाडू न लावता ओल्या फडक्याने पुसून घेतला. ते काम मी आणि बहिणीने केले. वडील हसले. “हम तो ऐसे ही बडे हुए, आपा.” त्यांना खोकला होता.

मुलगा बाजूला उभा राहून हिशेब करत होता. दहा फूट बाय नऊ, दार तीन बाय सात. “उनहत्तर. सत्तर पकडो,” तो म्हणाला. त्यावरून किती पुट्टी लागेल तेही त्याने सांगितले. वर्गात क्षेत्रफळाचा धडा चालू असताना हाच मुलगा मान खाली घालून बसतो.

पुट्टीचे दोन पातळ हात दिले, ते वाळू दिले. नक्षीसाठीची पुट्टी घट्ट हवी, घट्ट शिऱ्यासारखी. हात पोचेल एवढ्याच जागेवर गुरमाळ्याने दोनेक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा आणि ओला असताना त्यावरून कंगवा ओढायचा. कंगवा म्हणजे आमच्याकडे डब्याचे प्लॅस्टिकचे झाकण, कडेला दाते कापलेले. मध्येच थांबायचे नाही, नाहीतर सांधा दिसतो. ओढणारा हातही एकाचाच हवा, कारण दोन माणसांचा दाब सारखा नसतो. आमच्याकडे तो हात बहिणीचा. दुसऱ्या दिवशी टोके पॉलिश पेपरने बोथट केली. आमच्यासारख्या लहान खोलीत येता-जाता कोपर घासते, हे दुकानातल्या नमुन्याच्या पुस्तकात कुठे दिसत नाही. मग प्रायमर, गडद रंग, आणि वरच्या उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा रोलर फिरवून फिका रंग. खिडकीतून बाजूने उजेड आला की भिंत जिवंत होते. समोर ट्यूबलाइट लावली की सपाट.

पाहुणे आले, चहा प्यायले, भिंतीकडे पाहिले. पुढे काय झाले ते इथे सांगण्यासारखे नाही.

मला त्या मुलाने सतावले. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायदा घरच्या धंद्यात मुलाला मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. ही ओळ मी त्याच्या वडिलांना समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. “काम तो सीखना पडेगा ना, आपा. नौकरी कौन देगा?” बी.एड. झाल्यावर नोकरीसाठी मी किती वर्षे थांबले ते मला ठाऊक होते. मी बोलले नाही.

त्या आठवड्यात क्षेत्रफळाचे गणित मी वर्गाच्या भिंतीवर घेतले आणि त्याला फळ्यापाशी बोलावले. त्याने भिंत मोजली, दार वजा केले. वरचा छोटा झरोका मात्र तसाच ठेवला. पुस्तकाच्या रीतीने ते चूक होते. मी विचारले, तर म्हणाला, “छोटी खिडकी कोई नहीं काटता, आपा. उसके किनारे में ही ज्यादा टाइम जाता है.” मुले हसली. मी फळ्यावर दोन्ही उत्तरे लिहिली आणि दोन्ही कोणासाठी बरोबर, ते समजावले. तास संपला तरी तो फळ्यापाशीच होता, खडूने झरोक्याच्या कडा मोजत.

पुढच्या सोमवारी दिवाळीची रंगकामे सुरू झाली. त्याचा बाक रिकामा होता.