रस्त्याची आगोट

दिवाळी जवळ आली की आमच्या कोपरीत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक घराघरांतून येणारा चकलीच्या भाजणीचा आणि दुसरा रस्त्यावरून येणारा तापलेल्या डांबराचा. पाऊस ओसरलेला असतो, खड्ड्यांची मोजदाद संपलेली असते आणि सणाच्या आत रस्ते काळेभोर करण्याची घाई उडालेली असते. मुले नाके दाबून पळतात. मला मात्र तो वास आवडतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तर तो निखळ आवडत असे. आता तो आला की माझ्या डोळ्यांपुढे दोन माणसे उभी राहतात. एक, काठी टेकत चालणारे आमच्या तळमजल्यावरचे आजोबा. आणि दुसरी, वजाबाकीत अडलेली तिसरीतली एक मुलगी.

कोपरी म्हणजे ठाण्याची पूर्व बाजू. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भरती आणि सर एकाच वेळी आली की पाणी वाट शोधत हिंडते. अशा या ठिकाणी आमची चार मजल्यांची जुनी इमारत आहे आणि फाटकापासून जिन्यापर्यंत साठ पावलांचा डांबरी रस्ता आहे. शाळेतल्या बाईंना संध्याकाळी पुष्कळ वेळ असतो, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला तर दिवसभरच असतो, असा सर्वांचा समज असल्यामुळे सोसायटीचे चिटणीसपद माझ्याकडे आले होते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस आमच्या गल्लीत डांबराचे काम चालले होते. त्या टोळीचा मुकादम लातूरकडचा. त्याची मुलगी दिवाळीनंतर माझ्या वर्गात येऊन बसू लागली होती आणि वजाबाकी पक्की करायला अधूनमधून संध्याकाळी घरीही येई. एका संध्याकाळी तो तिला न्यायला आला, तो फाटकाशीच उकिडवा बसला. आमच्या रस्त्याला एक बारीक भेग गेली होती. तिच्यावरून त्याने बोट फिरवले आणि म्हणाला, "बाई, ही भेग पावसाच्या आत भरून घ्या."

"एवढीशी तर आहे," मी म्हटले.

"एवढी हाय तवरच भरायची असती. एकदा का पाणी आत शिरलं, की मग भेग ऱ्हात न्हाई, खड्डा होतो."

मी विषय सभेपुढे ठेवला. रस्ता तर धडधाकट दिसतो, असे एकजण म्हणाले. पावसाळ्यानंतर एकदमच काय ते करू, असे दुसरे म्हणाले. फाटकाला रंग आधी लावावा, असे बहुमत पडले. मीही फार भांडले नाही. इतिवृत्तात लिहिले, 'विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.' अक्षर माझेच होते.

मुलीचेही तसेच झाले. पन्नासातून सतरा वजा करताना शून्यातून सात कसे काढायचे, इथे ती दरवेळी थांबे. डोळे मोठे करून माझ्याकडे पाही. दशक सुटा करून तिला पुन्हा एकदा दाखवायला हवा होता. त्यासाठी दहा काड्यांची एक मोळी आणि निवांत अर्धा तास पुरला असता. पण पेपर तपासायचे होते, दिवाळी अंकाच्या कथेचा तगादा होता. "जूनमध्ये करू हं आपण," मी तिला म्हटले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती नव्हती. टोळी गावाकडे गेली होती.

जुलैत त्या भेगेच्या जागी बशीएवढा खळगा पडला. त्यात कोणीतरी विटांचे तुकडे आणि माती टाकली. ती दोन सरींत वाहून गेली. श्रावणात तो परातीएवढा झाला. पाण्याने भरलेला खड्डा हा खड्डा दिसत नाही, नुसते डबके दिसते. पहाटे दूध आणायला निघालेल्या आजोबांचा पाय त्यात गेला आणि मांडीचे हाड मोडले. मी इस्पितळात भेटायला गेले तेव्हा तेच मला समजावू लागले, "बाई, तुमची काय चूक त्यात? पाऊसच असा." मी मान खाली घालून बसले होते. पाऊस काही पहिल्यांदा पडत नव्हता.

त्या शरमेने मी डांबराविषयी वाचू लागले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण जे कळले ते मॅट्रिकवाल्यालाही कळण्याजोगे आहे. ज्याला आपण आज डांबर म्हणतो ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारे बिटुमेन. आमच्यापासून काही कोसांवर ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीचे दोन कारखाने सुरू झाले, तिथेही ते निघते. पाणी अडवण्याचे त्याचे काम तर फार जुने. चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी मोहेंजोदडोच्या त्या मोठ्या स्नानकुंडाला पाणी पाझरू नये म्हणून नैसर्गिक डांबराचाच थर दिलेला आहे. आपल्या रस्त्यात मात्र डांबर दिसते तितके नसते. शंभर किलो मिश्रणात ते जेमतेम पाच किलो. बाकी सारी खडी आणि दगडाची भुकटी. ती पाच किलो माया उरलेल्या पंचाण्णव किलोंना धरून ठेवते.

ही माया उन्हाने आणि हवेने वाळते. नवा रस्ता काळा, चार वर्षांचा राखाडी. कारण डांबर कडक होत जाते आणि कडक झाले की तडकते. मग तडकलेल्या जागेतून पाणी शिरते. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक. पाणी मुरत राहिले की दगड डांबराला सोडतो. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्यातल्या त्यात डांबराला धरून असतो, पण त्यालाही सीमा आहे. वरून चाक गेले की आतले पाणी दाबले जाते, पिचकारीसारखे फिरते आणि सुटी खडी ढकलून देते. त्याहून वाईट म्हणजे ते खालच्या मातीपर्यंत पोचते. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी रस्तेबांधणीचे सूत्र सांगून ठेवले, ते हेच. भार शेवटी जमीन पेलते, आणि कोरडी जमीनच तो पेलू शकते. रस्ता म्हणजे मातीवर घातलेले छप्पर.

हे वाचले आणि मला माझे माहेर आठवले. रत्नागिरीकडच्या आमच्या घरी वैशाख लागला की वडील शिडी लावून कौले चाळायला चढत. फुटके कौल बदलत, सरकलेले सारखे करीत, पन्हळीतला पाला काढीत. खाली आईची आगोट चाललेली असे. तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी, सरपण. छप्पर गळते आहे म्हणून वडील चढत नसत. ते गळू नये म्हणून चढत. कोकणात हे कोणाला शिकवावे लागत नाही. मग रस्ता नावाच्या छपरावर आपण पाऊस पडून गेल्यावरच का चढतो?

ऑक्टोबरात तोच मुकादम कोपरीत आला. मी त्याला शोधून आणले. सभेने आता हू की चू केले नाही. जो खर्च एप्रिलमध्ये दोन डब्यांचा होता त्याच्या कितीतरी पट मंजूर झाला. आधी त्याने बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहिले. रस्त्याला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे पाणी कडेला जाते. आमचे पाणी मधेच बसत होते, कारण गटाराचे तोंड बुजले होते. मग त्याने खड्डा छिन्नीने चौकोनी कापून घेतला, चांगल्या भागापर्यंत, कडा सरळ उभ्या. उतरत्या पातळ कडेला माल धरत नाही, तिचा चुरा होतो. सुटी खडी झाडली, तळ कोरडा केला, कडांना पातळ डांबर चोपडले. ताडपत्रीखाली झाकून आलेला माल वाफाळत होता. "निळा धूर निघाला की समजायचं डांबर जळालं," तो म्हणाला, "आन् धूरच न्हाई, तर माल गार झाला." माल दीडशे अंशांच्या वर तापवून आणतात आणि नव्वदच्या खाली उतरण्याआधी तो दाबून बसवावा लागतो. दोन थरांत त्याने तो भरला आणि धुम्मसाने ठोकला.

काम संपल्यावर मी चहा दिला आणि विचारले, "मुलगी?"

"गावाकडं ठिवली, आजीपाशी."

"शाळेत जाते ना?"

त्याने धुम्मसाला चिकटलेले डांबर खरवडायला घेतले. मी पुन्हा विचारले नाही. शेजाऱ्याच्या फोनचा नंबर तेवढा मागून घेतला.

२०२३ च्या सुरुवातीला आमच्या कोपरीचा रेल्वेवरचा पूल रुंद होऊन पूर्ण खुला झाला, तेव्हा समारंभ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. वर्षानुवर्षांची कोंडी फुटली. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे कोणी दगावल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. तोही व्हायलाच हवा होता. पण भेग बुजवल्याचा समारंभ कोणी केलेला मी पाहिला नाही. न पडलेल्या खड्ड्याचे श्रेय कोणाला द्यायचे? न मोडलेले हाड कोण मोजणार?

तेव्हापासून दर वैशाखात मी आणि आमचा राखणदार रस्त्याची आगोट करतो. भेगा ब्रशने साफ करायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, आणि पेन्सिलीचे टोक शिरेल अशा प्रत्येक भेगेत इमल्शन ओतायचे. ते ओतताना चॉकलेटी असते आणि पाणी उडाले की काळे होते. वर चिमूट चिमूट वाळू टाकायची. गटाराचे तोंड मोकळे करायचे. स्कूटरखाली ठिबकलेले तेल लगेच पुसायचे, कारण तेल हे डांबराचे सख्खे भावंड, ते त्याला विरघळवते. उन्हाळ्यात मऊ झालेल्या रस्त्यात गाडीचा स्टँड रुतू नये म्हणून खाली फळी ठेवायची. सारे मिळून एका रविवारचे काम. आजोबा खुर्ची टाकून देखरेख करतात. काठी मांडीवर आडवी असते. ती काही आता सुटायची नाही.

दुसरा नंबर मी रविवारी संध्याकाळी फिरवते. कधी लागतो, कधी लागत नाही. लागला तर शेजारीण हाक मारते, मग धावत आलेल्या पावलांचा आवाज येतो. शून्यातून सात कसे काढायचे ते आता तिला येते. ते शिकवायला फोनवरून तीन महिने लागले. शाळेचे विचारले की मात्र ती, बाप गप्प झाला होता तशीच, गप्प होते. आणि मी पुढचे गणित घालते.

परवा नवरात्रातल्या रविवारी सकाळी फाटकाशी रांगोळी घालत होते. काळ्या डांबरावर रांगोळी फार खुलते. चिमटीतली भुकटी एका जागी ओढली तशी टिकेना. आत उतरून तिची एक बारीक, वाकडी, पांढरी रेघ उमटली. मी न काढलेली. वाकून पाहिले तर केसासारखी नवी भेग. पाऊस तर आता संपलाच, वैशाखापर्यंत पुष्कळ वेळ आहे, असे जुने वाक्य माझ्या ओठांवर आले. मी रांगोळीचा डबा तिथेच ठेवला आणि ब्रश आणायला वर गेले. जिना चढता चढता आठवले, आज रविवार आहे. संध्याकाळी फोन लावायचा आहे.