पाखरांचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी आपण दुकानात जातो, निळी-हिरवी-पिवळी पाखरे पाहतो आणि दुकानदार पाखरांच्या जोडीने एक पिंजराही पुढे करतो. गोल, वर घुमट, सोनेरी रंगाचा, कडीला टांगायचा. देखणा असतो खरा! पण तो आपल्या बैठकीच्या शोभेसाठी केलेला असतो. आत राहणाऱ्याचा विचार त्यात फारसा नसतो. म्हणून पाखरू घरी आणण्याआधी पिंजऱ्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

आधी नावाचा घोळ निस्तरू या. आपल्याकडे बाजारात ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, ती पाखरे बहुतेक वेळा बजी असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. बजी हा ऑस्ट्रेलियातला इवलासा पोपट. तिकडे तो गवताचे बी टिपत आणि पाणी शोधत थव्याथव्याने दूरवर फिरतो. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि पुढे माणसाच्या घरातच त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या.

आता आमच्या घरातली गोष्ट. आम्ही राहतो मुर्रीला, गोंदिया शहराच्या अगदी कडेला. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारनंतर घर. लेकीने बजीची मागणी केली तेव्हा यांनी लगेच मान डोलावली. सासूबाई मात्र बसल्या जागेवरून म्हणाल्या, “काऊन कोंडता बाप्पा त्या जीवायले?”

मला वाटले, हा नेहमीचा पापपुण्याचा विचार असेल. तसे नव्हते. त्यांच्या माहेरी लोखंडी पिंजऱ्यात मिठू होता. नाव घेऊन हाका मारायचा, आल्यागेल्याला हसवायचा. “पण त्याची शेपटी कधी पुरी दिसलीच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फिरला की गजाला घासायची, तुटायची. पंख पसरायला जागाच नव्हती. एवढा बोलायचा, पण हे कोणाला सांगणार तो?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याकडे तरी आहे का?

आपल्या धानाच्या बांध्यांवर उतरणारा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तो रानातला, त्याने रानातच राहावे. बजी परदेशी आणि माणसाच्या हातचा, म्हणून कायदा त्याच्या आड येत नाही. पण त्याची अडचण निराळी. दया येऊन उद्या त्याला खिडकीतून सोडले, तर दाणा कुठे शोधायचा हे त्याला ठाऊक नसते. कावळा, शिक्रा, मांजर, कुणीतरी त्याला गाठतेच. म्हणजे त्याची सुटका आपल्या हातात नाही. घर कसे द्यायचे एवढेच आपल्या हातात आहे. म्हणूनच आम्ही ठरवले, आधी पिंजरा होईल. तो सासूबाईंच्या नजरेला उतरला, तरच पाखरे.

बजी वीतभर दिसतो, पण त्याने पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण फूटभर भरतात. मग फूटभर व्यासाच्या गोल पिंजऱ्यात तो उडणार कुठे? शिवाय तो उडतो आडवा, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर नव्हे. म्हणून पिंजरा उंच नको, लांब हवा. जोडीसाठी निदान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आमच्या घरी कोपऱ्यात जागा होती, म्हणून आम्ही साडेतीन फूट लांबीचा करून घेतला. दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोके अडकते. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत. बजी चोचीने धरून त्यांवर चढतो-उतरतो. दार वर सरकणारे असेल तर त्याला चिमटा लावा. ही पाखरे चोचीने दार उचलतात, बरं का!

धातूचीही चौकशी करा. बजी दिवसभर गज कुरतडतो. गंजलेला किंवा जुना रंग दिलेला पिंजरा घेऊच नका. रंगात शिसे असू शकते. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीतले जस्तही त्याच्या पोटात गेले तर विषारी. सर्वांत चांगले स्टेनलेस स्टील, पण ते महाग पडते. मुलाम्याची जाळी घ्यावीच लागली तर ती व्हिनेगर लावून ब्रशने खसाखसा घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मोकळी पूड आणि पापुद्रे निघतात, धोका पुष्कळ कमी होतो.

आत बसायच्या दांड्या. दुकानातल्या दांड्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असतात. पाखरू दिवसरात्र पायांवर उभे असते, झोपतेही उभ्यानेच. पायाच्या त्याच त्या जागेवर भार पडून तळव्याला फोड येतात. आपल्या परसातली पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी चालते. फवारणी केलेली मात्र नसावी. गरम पाण्याने घासून, उन्हात वाळवून लावा. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी, अशा निरनिराळ्या जाडीच्या. दोन टोकांना दांड्या आणि मधली जागा उडायला मोकळी. दाण्या-पाण्याच्या वाट्यांवर दांडी येऊ देऊ नका, नाहीतर वरची घाण थेट वाटीत!

दाण्यात राळा मुख्य. आमच्या गोंदियाच्या बाजारात त्याला हिंदीत कांगनी म्हणतात. जोडीला धुतलेली कोथिंबीर, पालक. कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा तुकडा जाळीला बांधा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. चहा, चॉकलेट, खारट पदार्थ मात्र मुलांच्या हातून जाऊ देऊ नका. तळाला वर्तमानपत्राचा कागद घालून रोज बदला. कागद बदलताना विष्ठा पातळ दिसली, तर पाखरू आजारी पडते आहे हे आपल्याला वेळेत कळते.

आमच्याकडे खरा पेच पडला तो जागेचा. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवायचाच नाही. पक्ष्यांची श्वसनाची रचना आपल्याहून वेगळी. दर श्वासाला ते हवेतले पुष्कळ काही शोषून घेतात, आणि विषारी वायूही तितक्याच लवकर. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत याच कारणासाठी कॅनरी पक्षी नेत असत. ती प्रथा बंद करायचे ठरले ते थेट १९८६ साली. आपला नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतले पाखरूही दगावू शकते. फोडणीचा धूर, डासांची अगरबत्ती, झुरळांचा फवारा, सगळेच त्याला बाधते.

राहिली बाहेरची खोली. उजेड चांगला, माणसांची ये-जा आहे, एका बाजूला भिंतीचा आधार. पण तिथेच आमचे देवघर! रोज संध्याकाळी धूप, सकाळी उदबत्ती. सासूबाईंना कसे सांगायचे, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी लेकीनेच सांगून टाकले. सासूबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुपाटणे उचलून अंगणात तुळशीपाशी नेले. देवापुढे फक्त समई ठेवली. म्हणाल्या, “देवाचं काही अडत नाही.”

मग त्यांनी आपले हात पिंजऱ्यात घालून दोन्ही बाजूंना पसरून पाहिले. “फिरेल,” एवढेच बोलल्या. पुढच्या रविवारी पाखरे घरी आली.

ती दोन आणली, याचेही कारण आहे. बजी थव्याचा पक्षी. मी शाळेत, हे कामावर, मुले शाळेत, मग एकटे पाखरू कुणाशी बोलणार? आरसा टांगून त्याची फसवणूकच होते. चोचीच्या वरची नाकाची पट्टी बहुतेक रंगांच्या मोठ्या नरांत निळी असते, मादीत तपकिरी. जोडी ठेवलीत तरी आत मडके टांगू नका. मडके दिसले की मादी अंडी घालायला लागते. चार-सहा अंडी, अठरा दिवसांची उबवण, की घरात नवे बिऱ्हाड! ती पिल्ले कुणाकडे, कसल्या पिंजऱ्यात जातील, हे आपल्याला ठाऊक नसते.

आपल्या विदर्भातल्या हवेचे निराळे बघावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले, की पाखरू तापले असे समजा. दुपारी पिंजरा आतल्या गार खोलीत हलवा, पण कूलरचा झोत थेट अंगावर नको. पाणी दोन-तीनदा बदला, अंघोळीला पसरट ताटली ठेवा. हिवाळ्यात रात्री तीन बाजूंनी सुती चादर घाला. टॉवेल नको, त्याच्या फाशांत नख अडकते. रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. म्हणजे रात्रीच्या टीव्हीचा आवाजही कमी करणे आले! उडायला बाहेर सोडाल तेव्हा आधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड.

“एवढ्याशा पाखरापायी इतका खटाटोप?” असे तुम्ही म्हणाल. पण आपणही बिऱ्हाडे बदलली आहेत. स्वयंपाकघराला खिडकी नाही, न्हाणीघरात दोन बादल्या मावत नाहीत, अशा घरांत दिवस काढले आहेत. ते घर बांधणाऱ्याने आत कोण राहणार याचा विचारच केलेला नसतो, हे आपल्याला चांगले कळते. आपण निदान तक्रार तरी करतो.

सासूबाईंचे मत बदलले, असे मी म्हणणार नाही. “पिंजरा तो पिंजराच,” हे त्या अजूनही ऐकवतात, आणि राळा मात्र स्वतः चाळून, फुंकून घालतात. मीही त्यांच्याशी वाद घालत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आधी पिंजरा करा, जागा ठरवा, आठवडाभर तो रिकामाच राहू द्या. घरातली धूप, धूर, मांजर, पंखा, सगळ्यांची सोय लागते का बघा. लागत नसेल, किंवा रोजचा तासभर देणे जमत नसेल, तर मुलांची समजूत घाला आणि गच्चीवर सावलीत मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवा. उन्हाळ्यात चिमण्या येतील, साळुंक्या येतील, शेतावरचे पोपटही येतील. पाणी पितील आणि आपल्या वाटेने उडून जातील. मुलांना तेही पाहायला आवडते.