सीलची साथ : काही टिपणे

१
एप्रिल १९८८. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रातले ॲनहोल्ट बेट. तिथे सीलच्या माद्या गाभडू लागल्या. मोठी जनावरे मरू लागली ती मागाहून.

२
त्या साथीत उत्तर समुद्राच्या काठाकाठाने सुमारे १८,००० सील मेले. ताप, धाप, वाहणारे नाक, शेवटी न्यूमोनिया.

३
पहिला संशय प्रदूषणावर. वर्तमानपत्रांना आरोपी ओळखीचा लागतो.

४
आजारी सीलमध्ये आधी हर्पिस गटातला एक विषाणू सापडला. घटनास्थळी सापडला म्हणजे त्यानेच केले असे होत नाही. मग नेदरलँड्समध्ये आल्बर्ट ऑस्टरहाउस यांच्या गटाने सीलचे रक्तद्रव कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या विषाणूवर घालून पाहिले. विषाणू निष्प्रभ झाला. म्हणजे सीलच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच होती. घरच्या कुत्र्याला आपण ज्याची लस टोचून आणतो, तोच हा रोग असे काही काळ वाटले. पुढे कळले की हा त्याचा सख्खा भाऊ, पण वेगळा. नाव पडले फोसाइन डिस्टेंपर.

५
त्याच सुमारास सैबेरियातल्या बैकाल सरोवरातही हजारो सील मेले. गोडे पाणी, समुद्र दूर. तिथला विषाणू मात्र खरोखरच कुत्र्यांचा निघाला. दोन साथी, एकच हंगाम, संबंध शून्य.

६
गोवर, डिस्टेंपर आणि गुरांची बुळकांडी एकाच कुळातले रोग. बुळकांडीने गुरे पटापट मरत, म्हणून १८८९ मध्ये इंग्रज सरकारने पुण्यात प्रयोगशाळा काढली. १८९३ मध्ये ती कुमाऊँत मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर झाले. गाईला लस टोचता येते; गाय दावणीला असते.

७
उत्तर समुद्रात हा सीलचा विषाणू आला कुठून? ग्रीनलँडच्या हार्प सीलचे साथीआधी घेतलेले रक्तद्रव संशोधकांनी पुन्हा तपासले. त्यात प्रतिपिंडे होती. हार्प सील साथीच्या आदल्या हिवाळ्यांत झुंडीने दक्षिणेला, नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत उतरले होते. रक्त काढून ठेवणाऱ्यांच्या मनात तेव्हा ही साथ नव्हती.

८
प्रदूषणाची फाइल बंद झाली नाही. डच संशोधकांनी सीलचे दोन गट पाळले. एकाला अटलांटिकमधले स्वच्छ हेरिंग मासे, दुसऱ्याला बाल्टिकमधले दूषित हेरिंग. अडीच वर्षे हाच आहार. दूषित मासे खाणाऱ्यांची प्रतिकारशक्ती खालावली. मुख्य आरोपी नाही, सहआरोपी.

९
२००२. उत्तर समुद्रात पुन्हा तीच साथ. या वेळी विषाणूचे नाव, कूळ, चाचणी सगळे हाताशी होते. मेले सुमारे ३०,०००.

१०
१ एप्रिल १९९४ पासून अंटार्क्टिकात कुत्र्यांना बंदी. स्लेज ओढणारेसुद्धा परत पाठवले. सीलना डिस्टेंपर होईल ही भीती.

११
१९७९–८० मध्ये अमेरिकेत केप कॉडच्या आसपास चारशेहून अधिक सील मेले, डिस्टेंपरने नव्हे, फ्लूने. तपासणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडावर एक आजारी सील शिंकला. दोन दिवसांत त्याचे डोळे आले. डोळ्यातून विषाणू मिळाला, तोच. पुराव्याची साखळी इतकी आखूड क्वचितच असते.

१२
ऑक्टोबर २०२३, अर्जेंटिनातला वाल्देस द्वीपकल्प. बर्ड फ्लू. एलिफंट सीलची त्या हंगामातली जवळजवळ सगळी पिल्ले गेली, सतरा हजारांच्या वर.

१३
कोकणात सील नाहीत. डॉल्फिन आहेत, आणि मेलेले किनाऱ्याला लागतात. डॉल्फिनचाही डिस्टेंपरच्याच कुळातला विषाणू आहे. १९९० मध्ये भूमध्य समुद्रात त्याने मोठी साथ आणली होती. तेव्हा असा डॉल्फिन दिसला तर फोटोसाठी जवळ बसू नका, हात लावू नका, कुत्र्यांना फिरकू देऊ नका. वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवा, आणि पुरायच्या आधी कळवा.