चार बाजू आणि एक कर्ण

उरण तालुक्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे. दि. बा. पाटील यांची ही जन्मभूमी. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी या परिसरातील आंदोलनात पाच जणांना हौतात्म्य आले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. जमिनीच्या टक्क्यासाठी जेथे रक्त सांडले, तेथे मोजमापाविषयी बेफिकीर राहणे कुणालाच शोभत नाही. २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून आपल्यापैकी काही कुटुंबे गोदामासाठी या बाजूस जागा पाहत आहेत, म्हणून चार शब्द लिहीत आहे.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना तारणाच्या जागेचे हातनकाशे मी पुष्कळ पाहिले. त्यांत चार बाजूंची लांबी असे. कोन किंवा कर्ण क्वचितच. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला की क्षेत्रफळ मिळाले, असा सर्वसाधारण समज. जागा काटकोनी असेल तरच तो खरा ठरतो.

समजा, समोरासमोरच्या बाजू ६६ आणि ९९ फूट आहेत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. त्या हिशेबाने काटकोनी जागा बरोबर सहा गुंठे भरते. बाजू त्याच राहिल्या, पण जागा तिरकी असून कोपऱ्यातील कोन ६० अंशांचा निघाला, तर सहाला ६० अंशांच्या साइनने, म्हणजे ०.८६६ने गुणावे लागते. उत्तर येते सुमारे ५.२ गुंठे. पैसे सहा गुंठ्यांचे आणि जमीन सुमारे ८७५ चौरस फुटांनी कमी!

चार काठ्यांची चौकट कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत फीत धरून कर्ण मोजावा. वरील जागा काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण सुमारे ११९ फूट भरतील. तिरकी असेल तर आखूड कर्ण सुमारे ८७ फूटच भरेल. कर्णामुळे जागेचे दोन त्रिकोण होतात आणि तिन्ही बाजूंवरून प्रत्येकाचे क्षेत्रफळ निश्चित करता येते.

हा विवेक आपल्या परंपरेला नवा नाही. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त क्षेत्रफळाचे व्यावहारिक आणि सूक्ष्म असे दोन वेगळे हिशेब सांगितले. व्यावहारिक हिशेब अंदाजापुरता. देण्याघेण्याला सूक्ष्मच हवा.

तेव्हा व्यवहारापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी, ती सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहावी आणि बयाणा देण्याआधी स्वतः एकदा कर्णावर फीत धरावी. घेणाऱ्याची फसगत टळते आणि विकणाऱ्यावर नाहक संशयही राहत नाही.