शेजाऱ्याच्या किनाऱ्यावर आपली वखार

कुणाला सांगू नि कुणाला नको, असं झालंय. ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ हा स्ट्रॅटेजी गेम तुमच्याकडे असेल आणि त्यात पोर्तुगाल घेऊन अजून खेळला नसाल, तर आज रात्री बाकी सगळं बाजूला ठेवा. राजा जुआंव तिसरा निवडा, बेटाबेटांचा नकाशा लावा आणि बसा. उद्या सकाळी माझ्याशी बोलायला तुम्हीच फोन कराल.

हा पोर्तुगाल गेममध्ये आला 2021 च्या मार्चमध्ये, ‘न्यू फ्रंटिअर पास’च्या शेवटच्या पॅकमधून. माझ्या हाती तो आत्ता लागला आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला त्याच्याबद्दल सांगत सुटलोय.

दर्यावर्दी संस्कृती मी आधीही खेळलोय. फिनिशियाची डायडो माझी लाडकी, इंडोनेशियाही आवडीचा. त्यांच्याकडे समुद्र असतो तो वसाहती करायला आणि आरमार उभारायला. पोर्तुगालचं अख्खं पोटच समुद्रावर आहे. नियम असा की परदेशी व्यापारमार्ग फक्त किनाऱ्यावरच्या किंवा बंदर असलेल्या शहरांशीच जोडता येतात. वाचून वाटलं, ही तर शिक्षाच झाली! पुढची ओळ वाचली आणि खुर्चीतून उठलोच. अशा प्रत्येक मार्गाचं उत्पन्न 50 टक्के जास्त. सोनं तर आहेच, पण विज्ञान, संस्कृती, त्या मार्गावरून जे काही येईल ते सगळं दीडपट. त्यात व्यापाऱ्याचा पाण्यावरचा पल्लाही दीडपट. बाकीच्यांचे व्यापारी ‘सेलेस्टियल नॅव्हिगेशन’ शिकेपर्यंत किनाऱ्यावर ताटकळत असतात, तेव्हा आपला माणूस केव्हाच गलबतात बसून पसार झालेला असतो. या गुणाचं नाव ‘कासा दा इंडिया’. लिस्बनमध्ये या नावाची कचेरी खरोखरच होती आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा कारभार तिथून चालायचा.

पण मी वेडा झालो तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. नव्या संस्कृतीची गाठ पडली की पोर्तुगालला व्यापारमार्गाची एक जागा वाढवून मिळते. काही बांधायचं नाही, काही जिंकायचं नाही, नुसती ओळख व्हायला हवी! इतकी वर्षं हा गेम खेळताना धुक्यातून कुणी नवा राजा समोर आला की माझ्या पोटात गोळा यायचा. आला हा, आता जमीन खाणार, डोंगराच्या खिंडीत शहर वसवून आपली वाट अडवणार. पोर्तुगालचं सुकाणू हाती घेतल्यावर त्याच क्षणी तोंडून ‘या, या!’ निघतं. मी टेहळणीची जहाजं चारी दिशांना सोडली आणि बंदरात परतूच दिली नाहीत. आपल्या सगळ्या तुकड्यांची नजर नकाशावर एका घराने लांब, शिवाय सिटी स्टेट्सच्या, म्हणजे एकेका शहराच्या छोट्या राज्यांच्या, हद्दी आपल्याला कायमच्या खुल्या. माणसं शोधत जगभर हिंडायचं आणि त्या हिंडण्यातूनच श्रीमंत व्हायचं. स्ट्रॅटेजी गेममध्ये इतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही.

आणि ‘कार्टोग्राफी’ हाती आल्यावर येते नाऊ. कॅरव्हेलच्या जागी मिळणारं हे जहाज एक बढती घेऊनच जन्माला येतं, त्याच्या देखभालीला खर्च कमी येतो आणि त्याच्या पोटात दोन वखारींचा ऐवज असतो. या वखारींना गेममध्ये ‘फेइतोरिया’ म्हणतात. माझी पहिली वखार कशी पडली ते सांगतोच. दूरच्या एका सिटी स्टेटचा किनारा, पाण्याला लागूनच मसाल्याचं रान. वखारीला उथळ पाण्यातलं घर लागतं. ते जमिनीला लागून हवं, शेजारी बोनस किंवा लक्झरी रिसोर्स हवा आणि बाजूच्या घरात दुसरी वखार नको. नाऊ अलगद त्या घरात नेली, बटण दाबलं, आणि परक्या मुलखाच्या पाण्यात माझी इमारत उभी राहिली. ती कुणाला पाडता येत नाही. त्या शहराकडे जाणाऱ्या माझ्या मार्गाला दर वखारीमागे 4 सोनं आणि 1 उत्पादन जास्त मिळतं, आणि यजमान शहरालाही त्या घरातून 4 सोनं, 1 उत्पादन. दोघांचीही पाचही बोटं तुपात! चार घरं पुढे सरकून लगेच दुसरी वखार घातली. मग तिजोरीचा आकडा बघत बसलो. दर टर्नला तो असा चढत होता की आधी वाटलं, आपण चुकीचा आकडा वाचतोय.

जगभरच्या खेळाडूंनी पोर्तुगालला व्यापारातला दादा मानलं ते उगीच नाही. या सोन्याने काय होत नाही? वसाहतीतलं ग्रंथालय विकत घ्या, बाजारपेठ विकत घ्या, सैन्य विकत घ्या. ‘नॅव्हिगेशन स्कूल’ ही पोर्तुगालची खास युनिव्हर्सिटी शहराच्या हद्दीतल्या किनाऱ्याच्या दर दोन घरांमागे विज्ञानाचा एक गुण देते. म्हणजे शहराच्या हद्दीतलं जे पाणी आपण आजवर वाया गेलेली जागा म्हणून सोडून द्यायचो, ते आता शास्त्रज्ञ घडवतं.

आमच्या रविवारच्या टोळीत सगळ्यांना हा पोर्तुगाल मी खेळायला लावला. एक गडी पक्का लढवय्या, तिरंदाज हाती आले की शेजाऱ्यावर चालून जाणारा. त्याने सुरुवातीला नाक मुरडलं. मध्यरात्री त्याचा मेसेज आला, “अरे, माझ्या गिऱ्हाइकावर कुणीतरी हल्ला करतंय, मी त्याला वाचवायला आरमार पाठवतोय!” गिऱ्हाइकाला वाचवायला! हे वाक्य या माणसाच्या तोंडी मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. पण आहेच तसं. युद्ध पेटलं की त्या देशाशी असलेले मार्ग तुटतात, खुल्या हद्दींचे करार जातात, शत्रूची जहाजं आपला माल लुटतात. सगळं जग शांत आणि भरल्या पोटी असावं अशी तुमची मनापासूनची इच्छा होऊन बसते. एकच अट, नकाशा पाण्याचा हवा. पँजियासारख्या अखंड भूखंडावर, जिथे शेजाऱ्यांची शहरं आतल्या मुलखात दडलेली असतात, तिथे पोर्तुगाल घेऊ नका. तिथे त्याचा जीव गुदमरतो.

माझा मावसभाऊ वसईचा. त्याला नाऊ दाखवली तर म्हणाला, “दादा, हा राजा आमच्या ओळखीचा आहे.” खरंच आहे की! जुआंव तिसरा गादीवर होता 1521 ते 1557. त्याच्याच कारकिर्दीत, 1534 मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्याच वर्षी दीवला त्यांचा किल्ला उभा राहू लागला. वास्को द गामाला 1524 मध्ये व्हाइसरॉय करून परत इकडे पाठवणाराही हाच राजा. तो गामा त्याच वर्षी कोचीत वारला. रेवदंड्याचा कोट पाहिलाय? तो त्या काळातल्या चौलच्या पोर्तुगीज ठाण्याचा. खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजातून जन्मलेली बोली घराघरात बोलतात. वसईच्या किल्ल्यात तर भाऊ लहानपणापासून क्रिकेट खेळलाय. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला ही गोष्ट त्याला तारखेसकट पाठ आहे. आमच्यासाठी हा गेमचा पडदा म्हणजे आपल्याच किनाऱ्याकडे लिस्बनच्या बाजूने बघणं झालं.

खऱ्या नाऊ मार्च-एप्रिलात लिस्बनहून निघायच्या आणि मोसमी वारे धरून सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागायच्या. सहा महिने पाण्यावर! हे कळल्यावर गेममधला तो लांबलचक व्यापारमार्ग मी वेगळ्याच आदराने बघू लागलो. गेममध्ये एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे कार्ताझ. पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात परवान्याची सक्ती केली होती. त्यांचा कार्ताझ जवळ नसलेलं जहाज दिसलं की जप्त. परवाना घेतला की त्यांच्या ठाण्यावर जाऊन जकात भरायची. गेममधली वखार दोघांचं भलं करते, इतिहासातल्या वखारीमागे तोफा होत्या. माझं स्पष्ट मत आहे की गेम करणाऱ्यांनी कार्ताझही घालायला हवा होता. खेळ आणखी रंगला असता, आणि समोरच्यालाही प्रतिकाराचं काही साधन द्यावं लागलं असतं.

हे मी बोललो आणि भावाच्या अंगात आलं. “मग दादा, आपली एक सिव्ह हवी! नेता कान्होजी आंग्रे.” कान्होजींनी तर स्वतःची दस्तकं काढली होती, कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या परक्या जहाजांनी ती घ्यावीत म्हणून. म्हणजे खास गुण आयताच तयार. आपल्या किनाऱ्यापासून तीन घरांच्या आतून कुणाचाही व्यापारमार्ग गेला की दस्तकाचं सोनं आपल्याकडे, नाही दिलं तर युद्ध न पुकारता लुटायची मुभा. खास जहाज गुराब, सोबत वेगाने पळणारी गलबतं, उथळ खाडीत शिरणारी, जिथे मोठ्या जहाजांचा तळ लागतो. खास बांधकाम जलदुर्ग. तो किनाऱ्याजवळच्या पाण्यातच बांधायचा, कुलाब्यासारखा, आणि त्याच्या माऱ्यात आलेल्या शत्रूच्या जहाजाची चाल निम्मी. मी म्हटलं, सोनं फार होतंय, जरा कमी कर. तो ऐकेना. शेवटी दस्तकाचा दर मार्गाला 3 सोनं असा ठरला आणि जलदुर्गांमध्ये किमान चार घरांचं अंतर. आता टोळीतला एक जण मॉड बनवायला शिकतोय. गुराबचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलंय, आणि पहिल्या सामन्यात पोर्तुगाल कोण घेणार यावरून ग्रुपवर आत्तापासून जुंपली आहे.